आरशातलं चाक

विमानात वैमानिककाकांच्या उजवीकडे बसल्या बसल्या नर्सबाईंच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला. हे धड विमान नाही, धड होडी नाही. पोटाखाली दोन लांब पोकळ होड्या आणि त्या होड्यांना चाकं! धावपट्टीवर उतरायचं तर चाकं बाहेर, नदीवर उतरायचं तर आत. आणि चाकं बाहेर ठेवूनच पाण्यावर टेकलं तर?

"तर पाणी चाकांना धरतं आणि विमान कोलांटी खातं," वैमानिककाका शांतपणे म्हणाले. "मग वर कुठलं, खाली कुठलं, कळत नाही. म्हणून एक हात दाराच्या कडीवर. आधी कडी धरायची, मगच पट्टा सोडायचा. आणि अंगातलं तरंगायचं जाकीट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलंत तर आतच अडकाल."

"ऐकून ऐकून कान किटले, काका," मागच्या सीटवरचे मास्तर म्हणाले. नदीकाठच्या शाळेत नऊ वर्षं शिकवत होते ते. बाई मात्र तिथल्या दवाखान्यात पहिल्यांदाच रुजू व्हायला निघाल्या होत्या. "घाबरू नका हो. उतरताना काका विचारतील, कुठे उतरतोय? आपण म्हणायचं, नदीवर, चाकं आत. पाढ्यासारखं!"

विमान उडालं. काकांनी चाकांचा दांडा वर ओढला. तासाभराने जंगलातून नदी दिसली आणि ते खाली येऊ लागले.

"कुठे उतरतोय?"

"नदीवर, चाकं आत," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

बाईंना पाढा आठवेना. म्हणून त्यांनी आपल्या बाजूच्या पंखाखाली, चाकं दिसावीत म्हणून लावलेल्या आरशात पाहिलं. आरशात झाडं भलतीकडेच पळत होती. होडीखाली काळं, गोल काहीतरी होतं. ते चाक की सावली? आत गेलेलं चाक असंच दिसतं का? चाकं आत गेली की पेटणाऱ्या समोरच्या दिव्यांवर ऊन आलेलं, कुठला पेटलाय तेही कळेना. पाणी जवळ येत होतं. एवढ्या जुन्या माणसाला आपण काय सांगणार?

"काका, मला काही कळत नाहीये... पण ते काळं लोंबतंय, ते आत हवं ना?"

"अहो बाई, सावली असेल ती," मास्तर हसले.

काका हसले नाहीत. इंजिन गरजलं आणि विमान वर उठलं. काकांनी दिव्यांवर हाताची सावली धरली. एक दिवा विझलेला होता.

"उजवं अडकलंय. नाही गेलं आत, तर सगळी चाकं बाहेर काढून धावपट्टीवर परत. नदीवर नाही."

त्यांनी बाईंना चाकं आत घ्यायच्या हातपंपाचा दांडा दाखवला. बाई पंप मारत राहिल्या. पंचवीस, तीस... दांडा जड झाला, आरशातलं काळं हललं आणि गडप झालं. हाताच्या सावलीत दिवाही पेटला. तरी बाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. आता स्वतःच्या डोळ्यांवरही त्यांचा विश्वास बसेना.

विमान पुन्हा नदीकडे वळलं.

"कुठे उतरतोय?"

"नदीवर," बाई म्हणाल्या. "माझ्या बाजूचं आत. दुसरीकडचं मला दिसत नाही."

काकांनी मान वळवली. मास्तर डावीकडच्या खिडकीच्या काचेला नाक चिकटवून बसले होते, आणि त्यांचा एक हात दाराच्या कडीवर होता.

"थांबा हो काका," ते म्हणाले, "नीट बघू तर द्या!"