टर्कीतले आठ दिवस

“बहीण गेली, आणि तुम्ही टर्कीत फिरायला गेलात?”

इमिग्रेशन अधिकाऱ्याचा इंग्रजी प्रश्न सुहासिनीताईंना कळला, पण उत्तर जुळेना. विमानतळावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत त्यांना बसवून बराच वेळ झाला होता. फोन काढून घेतला होता. मुलगा अंकुर नात अनयाला घेऊन शॉमबर्गच्या घरून कधीचा आला असेल. बाहेर उभा राहून कासावीस झाला असेल.

ग्रीन कार्ड मिळाल्यापासून त्यांनी नात वाढवली, घर सांभाळलं, अंकुरने दाखवलं तिथे सह्या केल्या. गेल्या वर्षी धाकटी बहीण अस्मिता आजारी पडली म्हणून त्या नागपूरला गेल्या आणि तिचं सगळं आटोपेपर्यंत आठ महिने तिथेच राहिल्या. येताना एका टूरबरोबर एकट्याच इस्तंबूलला उतरल्या. अंकुरला विमानात बसताना कळवलं.

“इतके महिने देशाबाहेर. तुम्ही इथे राहतच नाही, असं दिसतंय,” अधिकारी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्याने एक कागद पुढे सरकवला. “सही केलीत तर कार्ड परत दिलं असं होईल. मग पाहुण्या म्हणून आज मुलाकडे जाता येईल.”

ताईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली.

“सिस्टर व्हेरी सिक. आय वॉश हर, फीड हर. एट मंथ्स. देन शी डाय.” त्या थांबल्या. “देन आय गो.”

“टर्कीत काय केलंत?”

“बिग मॉस्क. बलून इन स्काय. आय ईट राउंड ब्रेड, मेनी तीळ. टी, नो मिल्क. आय सिट निअर वॉटर. नोबडी कॉल मी.”

बोलता बोलता त्यांना हुंदका आला. नागपुरात दहाव्या-बाराव्याच्या गडबडीतही न आलेला, इथे या परक्या माणसासमोर आला. त्याने टिश्यूचा खोका पुढे केला, आणि पाठोपाठ पेन.

ताईंनी पेन हातात घेतलं. दार उघडलं की अंकुर, अनया, घर. मग त्यांनी ते कागदावर आडवं ठेवलं.

“नो. माय होम हिअर.”

“मग जजसमोर जावं लागेल. कार्ड जाऊही शकतं.”

“आय विल गो.”

कोर्टाच्या तारखेचा कागद घेऊन ताई बाहेर आल्या, तेव्हा अंकुरने आधी त्यांना घट्ट धरलं. सगळं ऐकल्यावर पार्किंगमध्ये त्याचा आवाज चढला. “टर्कीची काय गरज होती गं आई? सरळ यायचंस ना!”

“सरळ आले असते तरी आठ महिने झालेच होते.”

“मग सही करून टाकायचीस! आता कोर्ट, लॉयर... हरलो म्हणजे?”

“हरले तर परत जाईन. पण आपणहून देणार नाही.”

अंकुरने गाडी सुरू केली. मागच्या सीटवर अनया आजीला बिलगली. “आजी, वॉज इट फन?”

“हो गं. खूप.”

ताईंनी काच खाली केली. बोचरा वारा आत घुसला. अंकुरचा हात काच वर करायच्या बटणाकडे गेला. त्याने आरशात आईकडे पाहिलं. ती डोळे मिटून, तोंड वाऱ्याकडे करून बसली होती. त्याने हात मागे घेतला.