ट्यूलिपची मुंडकी

फुलाकडे पाहून ज्याचं मन हलत नाही तो माणूसच नव्हे, असं आमच्या चर्चमध्ये दर वसंतात सांगतात. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे दुसऱ्याच दिवशी शेतात जाऊन फुलांची मुंडकी उडवतात. हॉलंडच्या या पट्ट्यात आम्ही कंद विकतो. फूल म्हणजे कंदाच्या तोंडचा घास खाणारा उपरा पाहुणा. त्याला रोग आहे का तेवढं बघायचं आणि छाटायचं.

आरीकाकांनी जन्मभर हेच केलं. म्हणूनच शेजारच्या कोबामावशी खुब्याच्या ऑपरेशनला निघाल्या तेव्हा परसातल्या, नवऱ्याने लावलेल्या ट्यूलिप त्यांच्यावर सोपवून गेल्या.

"काही करायचं नाहीये, आरी. पाणी नको, खत नको. सीमने कंद लावलेत. रंग कुठला ते मेल्याने सांगितलं नाही. 'वसंतात बघशील' म्हणाला आणि नाताळात गेला."

फुलं उमलली त्या सकाळी काका बघायला गेले. कॉफीच्या वेळेपर्यंत देठावर एकही नव्हतं. हात आपोआप चालला होता. मुंडकी कचऱ्याच्या गाडीत गेली आणि काका समाधानाने घरी आले.

"कशी दिसतायत?" रीटकाकूंनी विचारलं.

"छाटली," काका म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"सीमची? अरे देवा! आजारी बाईला लोक फुलं नेऊन देतात, तू तिची होती ती कापलीस! निदान रंग तरी सांग तिला."

रंग आठवेना. काकांचं जेवण सुटलं. मावशींचं परस दिसू नये म्हणून त्यांनी भरदिवसा पडदे ओढले. आमच्या गल्लीत दिवसा पडदे म्हणजे घरात कोणीतरी गेलं; दोन शेजारणी केक घेऊन सांत्वनाला आल्या. काकांनी तो निमूट घेतला.

मावशी वॉकर ढकलत परतल्या तेव्हा काका फाटकातच उभे होते.

"कोबा, मी मुंडकी उडवली."

"सगळी?"

"सगळी."

"रंग कुठला होता?"

"रोग एकालाही नव्हता."

मावशी वॉकरच्या बैठकीवर टेकल्या. "पुढच्या वसंतात मी असेन कशावरून रे?" एवढंच म्हणाल्या.

काकांनी मग वर्षभर मावशींना जपलं. व्यायामाला नेलं, दारातला बर्फ खरवडला, साधी शिंक आली तरी सूप पोचवलं. एवढी काळजी लग्नात कधी दिसली नाही, असं रीटकाकू येईल त्याला सांगत.

एप्रिलमध्ये फुलं आली. मावशी होत्या. फुलं लाल होती. ज्यांचे कंद सुपरमार्केटात जाळीच्या पिशवीत मिळतात, ती साधी लाल.