रिकाम्या पोटी काढलेला फोटो

मी कॅमेरा बोलतोय, तेही तीन वर्षं एकाच फळीवर बसून. माझ्या जिवाची किती घालमेल होत असेल ते ओळखा. माझा जन्मच भटकण्यासाठी. दुकानाच्या काचेआडून योस्टनं मला उचललं आणि पुढची अकरा वर्षं त्याच्या गळ्यात लोंबकळत मी अर्धं जग पालथं घातलं.

योस्ट हॉलंडचा. उंच, तांबूस, पायाला भिंगरी लागलेला. दर हिवाळ्यात आम्ही मेक्सिकोत, ओआहाकाच्या डोंगरातल्या सान मेल्चोरला यायचो. गाव विणकरांचं. योस्टला हवे असायचे धुरानं लाल झालेले डोळे, अनवाणी पाय, चिखलातली डुकरं. गावकऱ्यांना नेमकं तेच नको असायचं. फोटो म्हटलं की माणसं आधी अंघोळीला पळायची. तो वैतागायचा, "आहात तसेच राहा की!"

एका वर्षी निघायच्या दिवशी तोमासामावशीनं त्याला अडवलं. सत्तरीची, सगळ्या गावाची मावशी. तिचा फाटक्या एप्रनमधला, मक्याच्या पोळ्या भाजतानाचा फोटो त्यानं कुठल्याशा पुस्तकात छापला होता. ते तिला फार लागलं होतं. मेल्यावर मातीत जाताना अंगावर असावेत म्हणून पेटीत जपलेले कपडे घालून, पायांत बूट चढवून, ती त्या दिवशी मागाशेजारी ताठ उभी होती.

"मी गेल्यावर पोरींनी भिंतीवर हा फोटो लावावा," ती म्हणाली. "आणि फोटोत माझे पाय कापू नकोस."

खाली बस हॉर्न वाजवत होती. माझ्यातली फिल्म संपून केव्हाच डबीत गेली होती. नवी घालायला दोन मिनिटं पुरली असती. पण योस्टनं फिल्म पुढे सरकवायची तरफ नुसतीच ओढली आणि खटका दाबला. एकदा नाही, तीनदा. मावशी श्वास रोखून उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं पोट रिकामं आहे हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

पुढच्या हिवाळ्यात त्यानं घरोघरी फोटो वाटले. मावशीनं हात पुढे केला, तेव्हा फिल्म खराब झाली म्हणाला. मावशी चिडली नाही. माझ्या डोक्यावरच्या, फिल्म गुंडाळायच्या डाव्या चकतीवर तिनं बोट ठेवलं.

"बाबा रे, पन्नास वर्षं मी सुताच्या कांड्या भरतेय. इकडे धागा ओढला की तिकडे कांडी फिरतेच. दुसऱ्यांच्या वेळी तू तरफ ओढलीस की ही चकती फिरायची. माझ्या वेळी हललीसुद्धा नाही. आत काही नव्हतंच ना?"

योस्टचे कान लाल झाले. त्यानं नवी फिल्म भरली. मावशी पुन्हा ते कपडे घालून आली. या खेपेला तिनं चकतीवरून नजर हलवली नाही, आणि चकती फिरली. मी तिला पुरती पाहिली, बुटांसकट.

तेवढ्यात गावचा कारभारी एलाडिओ पुढे झाला. अर्धं काम टाकून गाव सोडणाऱ्यानं आपलं अवजार गावात ठेवायचं, हा इथला नियम. कुदळ असो की करवत.

"फिल्म घेऊन जा," तो म्हणाला. "फोटो आण, कॅमेरा ने. तोवर मावशीकडे राहील."

योस्टनं फिल्म काढून खिशात टाकली आणि गेला तो गेलाच. त्यानं दुसरा कॅमेरा घेतला असेल. फोटोवाल्याला काय, डोळे विकत मिळतात.

मी इथे आहे. मावशी रोज एप्रनच्या टोकानं माझी काच पुसते. मागाचा आवाज आता कमी येतो, तिचा खोकला जास्त. हिवाळा आला की ती पेटीतले कपडे उन्हात टाकते आणि बसच्या हॉर्नकडे कान लावते. मीही लावतो. पूर्वी मला वाटायचं, तो येईल आणि मी सुटेन. आता वाटतं, माझं राहू दे, तिचा फोटो तेवढा यावा.

तुमच्यापैकी कुणाला तो भेटलाच, तर एवढं सांगा: कॅमेरा नको असेल तर नको नेऊस, पण त्या फिल्ममध्ये मावशी आहे, पायांसकट. लवकर पाठव.