सासूच्या माथ्यावरचा चहा

चष्मेवाला आणि भट्टी यांच्या अबोल्याला वर्ष होत आलं होतं आणि तो चांगला गुटगुटीत झाला होता. लाडही दोन्ही घरांत सारखेच व्हायचे. चष्मेवाल्याची बायको पाव आणायला गेली की भट्टी तिला विचारायचा, "काय वहिनी, घरी सगळे बरे ना?" आणि त्या 'सगळे'मधून एका माणसाला अलगद बाहेर काढून ठेवायचा. तोच पाव सकाळी खाताना चष्मेवाला म्हणायचा की हल्ली हा नीट भाजत नाही. असं म्हणून आणखी एक तुकडा उचलायचा.

भट्टी म्हणजे बेकरीवाला. नाव पडलं धंद्यावरून, टिकलं स्वभावावरून.

तर हा भट्टी आता बेकरी विकून लेकीकडे निघाला होता. दूरच्या शहरात, कायमचा, महिना संपता संपता. बायकोनं ही बातमी दुकानात येऊन सांगितली तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाला नवी फ्रेम घालून पाहत होता. "जाऊ दे की," तो म्हणाला, आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर उलटा ठेवला.

त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोनं अंधारातच सांगितलं, "डोंगराला जाताय ना? मग तिथं बोलून टाका. तो गेल्यावर कोणाशी अबोला धरणार आहात?"

डोंगराची गोष्ट अशी होती. दर हिवाळ्यात हे चौघं मित्र एका दिवसात पाच शिखरं पालथी घालत. चष्मेवाला, भट्टी, दातांचा डॉक्टर, ज्याला पाठीमागे सगळे कवळी म्हणत आणि तोंडावरही, आणि चष्मेवाल्याचा मेव्हणा. शिखरांना नकाशात नावं होती, पण ती यांना पसंत नव्हती. पहिलं पायरी, दुसरं कुबड, मग दोघी बहिणी, आणि शेवटचं सासू. सासू लांबून जवळ दिसते, जवळ गेलं की लांब जाते, आणि पोचलं तरी धड बसू देत नाही, इतका वारा. एकच थर्मास न्यायचा आणि तो सासूच्या माथ्यावर, चौघं जमल्याशिवाय उघडायचा नाही, हा यांचा नियम. घरी कुठलाच नियम न पाळणारी ही माणसं हा एक नियम देवघरातल्या दिव्यासारखी सांभाळत.

गेल्या वर्षी तो चष्मेवाल्याच्या हातून विझला. धुकं उतरलं होतं, तिघं माथ्यावर कुडकुडत होते आणि भट्टीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात चष्मेवाल्याला खालच्या खिंडीतून एक लाल टोपी उतरताना दिसली. "तो बघा, परत चालला," तो म्हणाला. साऱ्या गावाचे डोळे तपासणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर इतरांनी आपले डोळे वापरायचं कारणच नव्हतं. थर्मास उघडला, संपला, कप पुसून झाले, आणि खालून लाल टोपी घातलेला भट्टी वर आला. पोटात कळ आली म्हणून तो दगडाआड बसला होता. खाली गेलेली टोपी कुणा दुसऱ्याचीच. भट्टीनं पुसलेल्या कपांकडे पाहिलं, आपला कोरडा कप खडकावर पालथा ठेवला आणि एक शब्द न बोलता उतरायला लागला. तो शब्द वर्षभर राहूनच गेला.

यंदा पहाटे कवळीच्या गाडीत मागच्या सीटवर एका टोकाला चष्मेवाला, दुसऱ्या टोकाला भट्टी, आणि मध्ये मेव्हणा, सीमेवरच्या चौकीसारखा. चष्मेवाल्याच्या मांडीवर लोकरी मोज्यात गुंडाळलेला थर्मास होता. आणि ओठांवर एक वाक्य तयार होतं. 'माझं चुकलं.' दोन शब्द. दुकानात आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, जमत होतं.

पायरी चढली ती थंडीनं. गवताच्या पात्यापात्यावर दहिवर गोठलं होतं, पाय पडला की बारीक काच पिचल्यासारखा आवाज यायचा. पूर्वेला कोवळं ऊन एकेका डोंगराच्या खांद्यावर शाल टाकत येत होतं, पण यांच्यापर्यंत पोचायला त्याला घाई नव्हती. चष्मेवाल्यानं तोंड उघडलं, तर गारठ्यानं ओठ हलेनात. पुढच्या शिखरावर, त्यानं ठरवलं. कुबड चढलं ते कवळीच्या गप्पांनी. एका बाईची अक्कलदाढ कशी काढली याची कथा त्यानं मुळापासून सांगितली, आणि त्यात दुसऱ्या कोणाला दोन शब्द घुसवायला फट नव्हती. मेव्हणा मोबाइलवर उंची वाचत होता. आपण किती चढलो हे पायांना कळत होतं, पण मोबाइलनं सांगितल्याशिवाय त्याचा पायांवर विश्वास नव्हता.

थोरल्या बहिणीवर ऊन मिळालं आणि तिथं चष्मेवाल्याचं वाक्य घशातच अडकलं, कारण त्याला भट्टीचा चष्मा पहिल्यांदा नीट दिसला. अबोल्याच्या वर्षात भट्टीनं चष्मा दुसरीकडून केला होता. बाजारातल्या एकावर एक फुकटवाल्याकडून. डावी काडी कानावर चढलेली, उजवी गालात रुतलेली, अख्खी चौकट नाकावर एका कुशीला झोपलेली. भट्टीनं चारचौघांत शिव्या हासडल्या असत्या तर चष्मेवाल्यानं त्या पदरात घेतल्या असत्या. पण हा चष्मा? हा अपमान माणसाच्या नाही, कलेच्या वर्मी लागला होता.

धाकट्या बहिणीवर त्याला राहवलं नाही. "त्याला सांग," तो मेव्हण्याला म्हणाला, "डावीकडचा स्क्रू सैल झालाय. काच पडेल."

भट्टी हाताच्या अंतरावर बिस्किट खात उभा होता. "त्यांना सांग," तो म्हणाला, "माझं मला दिसतं."

"भाऊजी, ते म्हणतात, त्यांचं त्यांना दिसतं."

"ऐकलं मी."

"त्यांनी ऐकलं," मेव्हण्यानं पलीकडे कळवलं. पगार नसलेल्या नोकरीत माणूस इतका चोख असतो.

खिंडीत उतरताना धुकं आलं. आलं म्हणजे पाहुण्यासारखं दारात उभं राहून आलं नाही, थेट घरात घुसलं. सासू दिसेनाशी झाली, पायाखालची वाट तेवढी उरली. रीतीप्रमाणे जो तो आपल्या दमानं चढू लागला. चष्मेवाला माथ्यावर पोचला, धापा टाकत मागे वळला, वाक्य जिभेवर घेऊन थांबला. मागून मेव्हणा आला. मग कवळी आला. मग कोणीच आलं नाही.

वारा मफलरात हात घालून मान चाचपत होता. बराच वेळ गेल्यावर कवळीनं थर्मासकडे प्रेमळ नजरेनं पाहिलं. रोग्यांना निदान सांगतो त्या सुरात तो म्हणाला की भट्टी बहुधा परत गेला असावा.

"तो परत जात नाही," चष्मेवाला म्हणाला.

मेव्हण्यानं हळूच आठवण करून दिली की गेल्या वर्षी परत गेला असं सांगणारे गृहस्थ भाऊजीच होते. चष्मेवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मोबाइल काढून उंची वाचली.

हाका मारल्या, त्या वाऱ्यानं परत आणून दिल्या. आणि मग चष्मेवाल्याच्या डोळ्यांपुढे ती डावी काडी आली, सैल, वळवळणारी. भट्टीचा नंबर त्याला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. चष्म्याशिवाय त्या माणसाला आपला हातही ओळखीचा वाटत नसे, आणि या वाटेला उजव्या हाताला कडा होता. हाक मारायला तोंड होतं त्याला, पण ते तोंड भट्टीचं. एक वेळ कड्यावरून पडेल, हाक मारायचा नाही.

उतार गोठलेला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्यानं थर्मास मेव्हण्याच्या हाती दिला. "उघडायचा नाही," त्यानं बजावलं. मेव्हण्यानं नवजात बाळ घ्यावं तसा तो छातीशी धरला.

खिंडीत भट्टी चारी हातापायांवर होता. एका मुठीत चौकट आणि निखळलेली काच, दुसऱ्या हातानं गोठलेलं गवत चाचपत तो हरवलेला स्क्रू शोधत होता. ज्याला डोंगर दिसत नव्हता तो तिळाएवढा स्क्रू शोधत होता. लाल टोपी डोळ्यांवर घसरली होती. पावलांचा आवाज ऐकून त्यानं मान वर केली.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण? मला दिसत नाही."

आवाज ओळखूनही विचारत होता, हे चष्मेवाल्याला कळलं. आरशासमोर घोटलेलं वाक्य ऐन वेळी पळून गेलं. "ज्याला गेल्या वर्षी दिसलं नव्हतं, तो," तो म्हणाला.

भट्टीनं मूठ उघडून चौकट आणि काच पुढे केली.

चष्मेवाला त्याच्याशेजारी बसला. त्याच्या आतल्या खिशात लग्नाला जातानाही करंगळीएवढा पेचकस आणि कागदाच्या पुडीत सुटे स्क्रू असायचे. बायको त्यावरून बोलायची, आता बोलणार नव्हती. त्यानं काच बसवली, स्क्रू पिळला. काडीवर तोंडाची वाफ सोडली, ऊब आली तशी ती हलकेच वाकवली, आणि चौकट भट्टीच्या नाकावर ठेवून, दोन्ही कानांमागे बोट फिरवून पाहिलं. इतकी वर्षं हे तोंड त्याच्या हातांखालून गेलं होतं, यंदा कानामागचे केस पांढरे झालेले.

"वर चहा झाला ना?" भट्टीनं विचारलं.

"नाही."

"का?"

"सगळे आले नव्हते."

भट्टीनं धुक्याकडे पाहिलं, जणू नव्यानं बसवलेल्या चष्म्यातून धुकंही जास्त चांगलं दिसत होतं. "चहाचं काही नव्हतं रे," तो म्हणाला. "मी अर्ध्यातून परत जाईन असं तुला वाटलंच कसं, एवढंच होतं."

"माझं चुकलं."

"हो."

"हो काय?"

"मग काय, नाही म्हणू?"

दोघं उठले आणि चढायला लागले. या खेपेला चष्मेवाला कड्याच्या बाजूनं चालत होता. अर्ध्या चढावर, दम घ्यायला थांबल्याचं निमित्त करून, त्यानं विचारलं की तिकडे गेल्यावर चष्मा कोणाकडे करणार.

"तिकडे एकावर दोन फुकट आहेत म्हणे," भट्टी म्हणाला. आणि जरा थांबून, "वर्षातून एकदा तुझ्याकडेच येईन. डोंगराच्या आदल्या दिवशी."

चष्मेवाल्याला एकदम फार चहा प्यावासा वाटला.

माथ्यावर कवळी कप पुसत होता.

मेव्हणा थर्मासचं झाकण लावत होता. तो तसाच थिजला. कवळीनंच तोंड उघडलं, ते त्याच्या धंद्यालाच शोभत होतं. तो म्हणाला, इतका वेळ झाला तेव्हा आम्हाला वाटलं, तुम्ही दोघं तिकडूनच खाली गेलात. किंवा एकमेकांना ढकललंत. दोन्हीत चहा गारच होणार होता.

भट्टीनं थर्मास हातात घेतला, उलटा केला. एक थेंब आणि चहाची थोडी पत्ती खडकावर पडली. चष्मेवाल्यानं पिशवीतून आपला कप काढला आणि पालथा ठेवला. भट्टीनं आपला त्याच्या शेजारी पालथा ठेवला, कानाला कान लावून. मग दोघं उतरायला लागले.

"भाऊजी," मागून मेव्हण्याचा आवाज आला, "बिस्किटं आहेत अजून."

"त्याला सांग," चष्मेवाला भट्टीला म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

भट्टी वळला. "त्यांना ऐकू येत नाही," त्यानं गंभीरपणे कळवलं.

खाली उतरेपर्यंत धुकं विरलं, डोंगरांच्या पाठीमागे दिवस तांबूस होऊन कलंडला आणि पुढे चाललेल्या दोघांचं वर्षभराचं तुंबलेलं बोलणं वाटेवरून सांडत राहिलं. बेकरी कोणी घेतली, नातू काय म्हणतो, पाव खरंच नीट भाजत नव्हता का. नव्हता, चष्मेवाल्यानं सांगितलं, पण एकही टाकला नाही.

परतताना गाडीत मेव्हण्याला पुढे बसावं लागलं, कारण मागे दोघांच्या मध्ये थर्मास ठेवण्याइतकीही जागा उरली नव्हती. कवळीनं आरशात पाहत विचारलं, हिटर वाढवू का. मागे दोन माणसं एकमेकांशी बोलत होती. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.