एकच डोळा लाल

कॅमेरा हिचा. ही म्हणजे माझी बायको. ती गेल्यावर कॅमेरा तिच्या कपाटातून माझ्या हातात आला, आणि त्याच्याबरोबर तिचे नियमही. ऐकून ऐकून पाठच झाले होते ते. बॅटरी आदल्या दिवशी भरा. मुलांचा फोटो काढताना गुडघ्यावर या, वरून काढलात तर नुसतं टाळकं येतं. मूळ फोटो कधी पुसू नका, कितीही भिकार असू दे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फ्लॅश मारायचा नाही. "फ्लॅश म्हणजे माणसाच्या तोंडावर टॉर्च मारून 'कोण रे तिकडे' विचारणं," ती म्हणायची. "खिडकी शोधा. खिडकीसारखा दिवा नाही."

नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला मी तो नियम मोडला.

लेक आणि जावई आमच्याच इमारतीत राहतात, माझ्या वरच्या मजल्यावर. नातीला आम्ही चिमणी म्हणतो. त्या संध्याकाळी मेणबत्त्यांसाठी दिवे बंद केले आणि चिमणी धावत येताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली. रडली नाही. जावई म्हणाला, "आईवर गेलीय. अशीच धांदरट." लेकीने त्याला कोपर मारलं. सगळे हसले, मीही हसलो.

अंधारात माझे फोटो हलायला लागले. कमी उजेडात कॅमेऱ्याला जास्त दिसावं म्हणून आयएसओ वाढवतात, ते सुचलं नाही. चिमणीने गाल फुगवले, मी घाईत भलतंच बटण दाबलं, कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश टपकन वर आला आणि खोलीभर वीज चमकली. ही असती तर माझी काही धडगत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. सगळे हललेले. नीट आला होता तो फ्लॅशवालाच. चिमणी थेट माझ्याकडे बघत होती. उजव्या डोळ्याची बाहुली लालभडक, फ्लॅशने होते तशी. डावी मात्र पांढरी. दुधाचा थेंब पडावा तशी.

मला वाटलं मेणबत्तीची चमक असेल. मोठं करून पाहिलं. चमक डोळ्याच्या वर असते. हे आत होतं.

आमचा हौशी फोटोवाल्यांचा एक ग्रुप आहे. ही त्यात होती, आता तिच्या जागी मी. "डोळा असा का आला?" असं लिहून फोटो टाकला. लगेच उत्तरं आली. एकजण म्हणाला, बाहेरचा फ्लॅश घ्या आणि उजेड छतावर मारा. दुसरा म्हणाला, फ्लॅश लेन्सपासून जितका लांब तितकी लाली कमी. सल्ले बरोबरच होते. मग सफाईकाका आले. त्यांना हे नाव पडलं, कारण ते कुणाच्याही फोटोतला मुरूम, डाग, विजेची तार काही शिल्लक ठेवत नाहीत. त्यांनी दोन्ही डोळे काळेभोर करून फोटो परत पाठवला आणि खाली लिहिलं, "घ्या! आता कशी गोड दिसते!"

खरंच गोड दिसत होती. मी मूळ फोटो पुन्हा उघडला.

मी इंटरनेटवर शोधलं. शोधलं नसतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. मूल तिरकं बघत असेल तर चांगल्या डोळ्यातही असं पांढरं येऊ शकतं, असं तिथे लिहिलं होतं. ते मी दोनदा वाचलं. पुढे मोतीबिंदू होता. लहान मुलांनाही होतो म्हणे. आणि त्याच्याखाली एक शब्द होता. त्या शब्दाची आणि माझी ओळख आहे. आमच्या घरात राहून, हिला घेऊन गेला तो.

कॉम्प्युटर बंद केला. जिना चढून वर गेलो.

लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. सफाईकाकांनी साफ केलेला फोटो मी तिलाही पाठवला होता आणि तिने तो फोनच्या पडद्यावर लावलासुद्धा होता. मी तिच्यापुढे मूळ फोटो धरला.

"बाबा, हा का दाखवताय? दुसरा छान आहे की."

"डावा डोळा बघ."

तिने बघितलं आणि घडी घातलेला फ्रॉक पुन्हा उलगडला.

"फ्लॅशने होतं असं."

"एकाच डोळ्याला?"

"बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला जिकडेतिकडे आजारच दिसतो. परवा माझ्या मानेवरचा तीळ. त्याआधी यांचा खोकला. आता पोरीच्या मागे लागलात?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हिचं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून मला कुणी शिंकलं तरी धडकी भरते. म्हणून मी आवाज चढवला नाही.

"मी घाबरट आहे, मान्य. एकदा नीट फोटो काढून बघू. दोन्ही डोळे लाल आले तर हा विषय पुन्हा काढणार नाही."

जावई आतून आला. "काढू द्या ना त्यांना. सासरेबुवा, आधी माझा काढा. लग्नानंतर माझा धड फोटोच नाही."

मी पडदे ओढले. खोली अंधारी हवी, म्हणजे बाहुली मोठी होते. मुख्य फोटोच्या आधी छोटा उजेड पाडून डोळ्यांतली लाली घालवायची सोय कॅमेऱ्यात असते, ती बंद केली. लाली जपण्यासाठी फोटो काढणारा मी पहिलाच असेन. लेन्सच्या अगदी कडेला पिवळ्या बदकाचं चित्र चिकटवलं. ही हिची युक्ती. मुलाला "इकडे बघ" म्हणायचं नाही, बघण्यासारखं काहीतरी द्यायचं.

आधी जावई खुर्चीवर बसला आणि हिरोसारखी मान केली. डोळे दोन्ही लाल. "राक्षस दिसतोय मी," तो म्हणाला. मग त्याने चिमणीला त्याच खुर्चीवर उभं केलं. मी गुडघ्यावर आलो.

"आबा, बदक!"

"हो ग राणी, बदक. बघ त्याच्याकडे."

ती सरळ बघत होती. बदकाकडे, म्हणजे माझ्याकडे. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघायचा धीर होईना. कॅमेरा मी सरळ जावयाकडे दिला.

तो हसत हसत बघायला लागला. मग त्याचं हसू थांबलं.

"पुन्हा काढा," तो म्हणाला.

पुन्हा काढला. उजवा लाल. डावा पांढरा.

लेकीने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. ती चिमणीसमोर बसली आणि लहानपणीचा खेळ सुरू केला, हाताने डोळे झाकायचे आणि भो करायचं. पण झाकला चिमणीचा एकच डोळा. आधी डावा. चिमणी खिदळत राहिली, आईच्या नाकाला हात लावत राहिली. मग लेकीने उजवा झाकला.

चिमणी गप्प झाली. हवेत हात फिरवला, मग आईचं मनगट धरून जोरात ओढलं. "नको. नको आई."

लेकीने हात काढला. पोरीला छातीशी धरून ती तशीच बसली. पडदे बंदच होते. उघडायला कुणी उठलं नाही.

"आपण आजच जाऊ," जावई म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून तपासलं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे चिमणीला भूल द्यावी लागली. त्या दरवाजाबाहेर मी हिच्यासाठी बसलो होतो तसाच बसलो. इमारत वेगळी, पण वास तोच. लेक माझ्या शेजारी होती. "बाबा, काहीतरी बोला," असं म्हणायची आणि मी तोंड उघडलं की "नको, गप्प बसा," म्हणायची.

तिथल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गाठ आहे म्हणाल्या. डोळ्याच्या आतच आहे, बाहेर पसरलेली दिसत नाही. औषधं लगेच सुरू करायची. "पोरगी वाचेल असं मला वाटतं. डोळ्याचं आत्ता सांगत नाही." मग विचारलं, "तुमच्या लक्षात कसं आलं?"

लेक म्हणाली, "बाबांचा फोटो बिघडला."

औषधाच्या पहिल्या दिवशी आम्ही लांब बोळात बाकावर बसलो होतो. शेजारी मोठी खिडकी होती. मऊ, बाजूने येणारा उजेड. हिने लांबून ओळखला असता. चिमणी त्या उजेडात पाय हलवत बसली होती.

"काढा ना एक," लेक म्हणाली. "आईसारखा."

मी गुडघ्यावर आलो. फ्लॅश अंगठ्याने खाली दाबून धरला. फोटो सुंदर आला. दोन्ही डोळे सारखे, काळेभोर, निरोगी. तो बघून मला पहिल्या दिवसापेक्षा जास्त भीती वाटली. हिचे सगळे नियम पाळले असते तर मी आजही असेच फोटो काढत बसलो असतो.

"पहिला पुसला नाहीत ना?" लेकीने विचारलं.

"नाही."

"कितीही भिकार असू दे," ती म्हणाली आणि तोंड फिरवून घेतलं.

आतून नर्सने हाक मारली. जावयाने पिशवी उचलली. चिमणीने माझं बोट धरलं आणि आम्ही निघालो. दोन पावलांवर तिचा डावा खांदा बाकाच्या कडेला लागला. ती रडली नाही. तिला सवय होती.

मी बोट सोडवलं, वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला आलो आणि दुसरा हात पुढे केला. तो तिला दिसला नाही. मग मीच तिचा हात शोधून धरला आणि आम्ही आत गेलो.