नानांची मूठ

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. अकराला सुटली. मी भोरहून उत्रोलीपर्यंत चालत आले तेव्हा नाना, माझे वडील, खळ्यावरच होते. भात झोडून झालं की आमचं खळं पावसाळ्यापर्यंत तसंच पडून असायचं. त्या वर्षी मात्र आई ते आठवड्यातून दोनदा शेणानं सारवत होती आणि नाना वाळल्यावर तळहात फिरवून एकेक खडा वेचून काढत होते. मधोमध त्यांनी डालड्याचा रिकामा डबा जमिनीत पुरला होता, तोंड वर करून. डब्यापासून दोन हातांवर पांढरा चेंडू, आणि गोल्फची काठी घेऊन चेंडूवर वाकलेले नाना.

चेंडू डब्याच्या कडेला लागून पलीकडे गेला.

"इसातलं सात," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

शेजारच्या अंबूबाई पाण्याची घागर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. "काय वो रायबादाजी, उंदीर घावला का न्हाई आजून?"

"न्हाई घावला वैनी. तुमच्याच घरात शिरलाय बगा."

"मग या की काठी घिऊन. पीठ तरी वाचंल माजं."

"आन खळं कोन सारवनार?" आई दारातून म्हणाली. "शेन काडायचं म्या, थापायचं म्या, आन ह्यो बाबा त्येच्यावर इलायती गोट्या खेळनार."

नाना हसले. चेंडू उचलून पुन्हा जागेवर ठेवला. ते हसत असताना त्यांचा उजवा अंगठा दांड्यावर वर-खाली होत होता. जागा सापडत नव्हती त्याला.

नानांनी चौतीस वर्षं पुण्याच्या गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम केलं. साहेबांची बॅग खांद्यावर वाहायची, गवतात गेलेला चेंडू शोधायचा, जमीन कुठं उतरते आहे ते सांगायचं. गोरे साहेब गेले, आपले आले. नानांचं काम तेच राहिलं. दिवाळीनंतर क्लबानं कळवलं की पंचावन्नच्या वरच्या माणसांना यापुढं बॅग मिळणार नाही. नाना घरी आले. पण नव्या सेक्रेटरींनी एक गोष्ट बोलून ठेवली होती. फेब्रुवारीत कॅडींचा वर्षाचा सामना असतो. त्यात जुन्या माणसांपैकी ज्याचा हात होलाजवळ, म्हणजे चेंडू घालायच्या खड्ड्याजवळ, सगळ्यांत स्थिर दिसेल, त्याला नव्या सभासदांना शिकवायला ठेवून घेणार होते. सामना उद्या, रविवारी होता. नानांना त्या मैदानावर परत जायचं होतं. त्या दोन-तीन महिन्यांत दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही.

खरं तर काळजीचं कारणच नव्हतं. लांबच्या फटक्यात नाना चारचौघांसारखे होते, पण होलापासून चार पावलांच्या आत त्यांचा चेंडू चुकत नाही असं सगळे कॅडी म्हणत. त्यांची मूठ वेगळी होती. इतरांचा उजवा हात खाली आणि डावा वर असतो. नानांचा डावा खाली असायचा. हे कसं झालं ते मला पुढं कळलं. कामावर नवे असताना ते झेंडा धरून होलाशी उभे राहायचे आणि समोरच्या साहेबाचे हात बघून शिकायचे. उभं राहायचं कसं ते शेजारच्या कॅडीनं दाखवलं, मूठ मात्र समोरून घेतली. त्यामुळे ती उलटी बसली आणि तशीच राहिली.

ती मूठ मी मोडली.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्यात रद्दीच्या दुकानात मला गोल्फवरचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. मी बी.ए. झालेली, भोरच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. नानांना फक्त सही येत होती. पुस्तक आणलं तेव्हा त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि आधी कपाळाला लावलं. मग रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी त्यांना एकेक पान मराठीत सांगू लागले. होलाजवळच्या फटक्याचा भाग आला. तिथं चित्र होतं.

"नाना, तुमचे हात उलटे आहेत."

त्यांनी आपले हात पालथे-उताणे करून पाहिले. "आसंच धरतो की म्या. चौतीस वर्सं."

"पुस्तकात उजवा खाली आहे. हे बघा."

चित्राकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांना हसू आलं. "म्हंजी म्या आरशात बगून शिकलो म्हन की. सायेब हिकडं, आन म्या तिकडं."

"आता नीट धरा."

"लिवल्यालं हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं."

आमच्या घरात छापलेल्या गोष्टीवर वाद होत नसे. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर नानांनी घरातले देव नीरेत सोडले आणि त्या फळीवर माझी पुस्तकं ठेवली. गावात कुणी काही सांगितलं की ते विचारायचे, "लिवल्यालं हाय का?" आणि मग माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याची मला सवय झाली होती. आवडही होती. शिवाय आणखी एक होतं, ते मी तेव्हा कबूल केलं नसतं. साहेबासमोर उभं राहून, झेंडा धरून, लांबून बघून शिकलेलं जे काही नानांच्या अंगात होतं ते मला पुसून टाकायचं होतं. त्यांची मूठ साहेबाच्या मुठीसारखी दिसायला हवी होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजवा हात खाली घेतला. पंधरा दिवसांत त्यांचं मनगट दचकायला लागलं. चेंडूला लागण्याच्या नेमक्या क्षणी, कुणी मागून हाक मारावी तसं. त्यांनी पुस्तकावर संशय घेतला नाही, हातावर घेतला. हाताला तेल चोळलं, कढत पाण्यानं शेकलं. मी पुस्तकातून दुसरी मूठ सांगितली: डाव्या हाताचं पहिलं बोट उजव्याच्या बोटांवर. मग तिसरी, दोन्ही अंगठे दांड्यावर सरळ. मग दोन हातांत वीतभर अंतर ठेवून. मग करंगळी बोटात गुंतवून. प्रत्येक मूठ दोन-तीन दिवस चालायची. पहिल्या दिवशी नाना म्हणायचे, "ही बसली बग." तिसऱ्या दिवशी काही म्हणायचे नाहीत.

त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, शाळेतल्या मधल्या सुट्टीत, पुस्तकाचा शेवटचा भाग मी एकटीच वाचत होते. एकशे एकेचाळीसाव्या पानावर खालच्या बाजूला एक लहान परिच्छेद होता. काही चांगले खेळाडू डावा हात खाली धरतात, असं त्यात लिहिलं होतं. मनगट दचकणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो. ज्याला ही मूठ निसर्गतः आली असेल त्याला ती बदलायला लावू नये.

मी ते दोनदा वाचलं. घंटा झाली. मी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि आठवीच्या वर्गावर गेले.

घरी आल्यावर सांगितलं नाही. शुक्रवारीही नाही. सामना तोंडावर आहे, आता त्यांचा गोंधळ उडेल, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. मूठ त्यांची स्वतःचीच होती, चौतीस वर्षांची; ती परत यायला एक सकाळ पुरली असती. पण मला म्हणावं लागलं असतं की मी अर्धंच पुस्तक वाचून तुम्हाला चुकीचं ठरवलं. मला ते म्हणता येईना.

शनिवारी जेवण झाल्यावर मी वह्या तपासत बसले होते. नाना उंबऱ्यात येऊन बसले. हातावर सुपारी होती, ती त्यांनी खाल्ली नाही.

"पारू, पुस्तकात आजून एकांदी मूठ ऱ्हायली आसंल तर बग की."

"नाही नाना," मी म्हटलं. "झाल्या सगळ्या."

"सगळ्या?"

"हो."

"बरं." ते उठले. "मग पैलीच धरतो. पैली लिवल्यालीच बरी."

ते पुन्हा खळ्यावर गेले. चेंडू डब्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज मला आत ऐकू येत होता. डब्यात पडल्याचा आवाज वेगळा असतो. तो क्वचित यायचा.

रविवारी सकाळी सहाच्या एसटीनं ते गेले. तिसऱ्या प्रहरी त्याच रस्त्यानं कोंडिबाकाका एकटेच चालत आले. ते भोंगवलीचे, नानांबरोबर एकाच वर्षी मैदानावर लागलेले. त्यांच्या हातात नानांची टोपी होती. सामना झाल्यावर नाना कॅडींच्या शेडजवळच्या कडुनिंबाखाली बसले होते. चहा आला तो घ्यायला उठले नाहीत, म्हणून कुणी खांद्याला हात लावला. सोमवारी दुपारी त्यांचा देह इस्पितळातून घरी आणला.

पुढच्या चार दिवसांत मी काय केलं ते मला सांगता येईल. माणसांना पाणी दिलं, अंथरुणं घातली, शाळेला रजेचा अर्ज लिहिला. आईनं खळं सारवायचं सोडलं. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी जलदानाचा विधी होता. बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मग रिवाजाप्रमाणे एकेकानं उठून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलायचे होते. गावातले आनंदराव बोलले, अंबूबाई बोलायला उठल्या आणि तशाच बसल्या. मग कोंडिबाकाका उभे राहिले. ते टोपी काढून हातात चुरगाळत होते.

"रायबा शेवटच्या होलावर आला तवा बरोबरीत व्हता," ते म्हणाले. "येवडंच आंतर." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. "डोळं झाकून घातला आसता त्येनं. पन मूठ धरी आन सोडी, धरी आन सोडी. सेक्रेटरी सायेब समोर हुबे. मला ऱ्हावंना. म्या कानाशी जाऊन म्हनलं, आरं रायबा, मुडद्या, तुजी सोताची मूठ धर की, डावा खाली घे. तर म्हनला, न्हाई कोंडिबा. पोरीनं पुस्तक वाचून सांगितलंय. त्यात ती न्हाई."

कुणीतरी उसासा टाकला.

"चेंडू गेला बाजूनं. पन म्या काय सांगतो, मानूस कसा व्हता बगा. समद्या कॅडींत येकाच्या बी पोरीला इंग्रजी येत न्हाई. ह्येची पोरगी इंग्रजी पुस्तक वाचून बापाला शिकवीत व्हती, आन बाप तिचा शबूद मोडीत न्हवता. हारला, पन पोरीचा शबूद न्हाई मोडला त्येनं. आसा बाप आन आशी लेक घावायची न्हाई."

बायका माझ्याकडे बघून माना हलवत होत्या. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं, आणि ते कशाचं आहे हे मला कळत होतं. ते तसंच राहू दिलं असतं तर कुणालाही काही समजलं नसतं. पुस्तक वाचू शकणारी त्या घरात मी एकटीच होते.

"पारू, तू बी बोल दोन शब्द," कोंडिबाकाका म्हणाले.

मी उभी राहिले. वर्गात उभी राहते तशी, हात मागं बांधून.

"नानांची पूर्वीची मूठ चुकीची नव्हती," मी म्हटलं. "तीही पुस्तकात दिलेली आहे. ती बदलू नये असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ते पान माझ्या वाचनात सामन्याच्या तीन दिवस आधी आलं होतं. शनिवारी त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं."

मेणबत्तीजवळ बसलेले आनंदराव खाली बघत होते. माझे शब्द शाळेतले होते. ते त्या खोलीत नीट पोचले नाहीत असं मला वाटलं, आणि क्षणभर बरंही वाटलं.

"काय म्हनती ती?" आईनं शेजारणीला विचारलं. मग माझ्याकडे वळून, "काय म्हनलीस? नीट सांग की गं."

मी खाली बसले, तिच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"आये," मी म्हटलं, "नानाची मूठ बराबर व्हती. मला ठावं व्हतं. त्यांनी इचारलं, आन म्या खोटं सांगितलं."