मुश्कीसाठी मागणं

उकंडा आपली भुरी घोडी घेऊन जब्बारच्या दारात उभा राहिला आणि दोन भल्या माणसांनी मिळून एक साधं काम अवघड करून ठेवलं. भल्या माणसांचं हे असंच असतं. लबाड असते तर पाच मिनिटांत मिटवून चहा प्यायला गेले असते.

दिग्रसजवळची लोणवाडी, अठ्ठावन्न सालचा चैत्र. पंचक्रोशीत खच्ची न केलेला घोडा एकच उरला होता, जब्बारचा मुश्की. टांगेवाल्यांना मस्तवाल नर परवडत नाही. शिंगरू हाताबाहेर जायच्या आत ते त्याला खच्ची करून घेतात. मुश्की काळाभोर, देखणा, पण आता म्हातारा झालेला. मागचे पाय थरथरायचे. हा उन्हाळा तो काढील असं खुद्द जब्बारलाही वाटत नव्हतं. कुणाची घोडी माजावर आली की ती जब्बारच्या आवारात आणायची. घोडी घोड्याच्या दारी जाते, घोडा घोडीच्या दारी जात नाही, असा रिवाज.

त्या घराचा दुसरा रिवाज म्हणजे मोबदला घ्यायचा नाही. जब्बारचे वडील वाहिदमिया सांगून गेले होते की नराच्या अंगाचं भाडं खाऊ नये, पैगंबरांच्या हदीसमध्येच मनाई आहे. लोक प्रेमानं ज्वारी आणत, तीसुद्धा आल्या वाटेनं परत जाई. वाहिदमिया याबाबत जरा जास्तच कडक होते आणि लेक बापाच्या वर एक.

उकंडा दीड वर्षापूर्वी सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध झाला होता. त्या दिवसापासून त्यानं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, खळ्यावर जाऊन धान्य मागणं सोडलं. गावानंही मग त्याला विचारणं सोडलं. पोट चालत होतं ते भुरीवर. दिग्रसच्या बाजारातून मीठ, तेल, कापड तिच्या पाठीवर लादायचं आणि खेड्याखेड्यांत पोहोचवायचं. पण भुरीचंही वय झालं होतं आणि मागच्या वर्षी ती फळली नव्हती. आता माजावर आली होती, बहुतेक शेवटची. शिंगरू झालं तर पुढची सोय होती. नाही झालं तर भुरी गेली की उकंडाला पुन्हा खांद्यावर दोर घेऊन मेलेल्या बैलामागं जावं लागणार होतं. हे त्यालाही कळत होतं आणि जब्बारलाही.

"जब्बारभाई, हे दोन पायल्या जवारी," उकंडा म्हणाला. "पहिले ठेवून घ्या, मंग घोडा सोडा."

"उकंडा, आमच्या घरात हे चालत नाही. तुले माहीत हाय. ने वापस."

"मंग मी बी घोडी नाही लावत. फुकटचं आमी सोडलं."

"अरे, फुकटचं कायचं? मी काय तुले भीक देऊन राह्यलो?"

"देणाऱ्याले ते समजत नाही भाई. घेणाऱ्यालेच समजते."

जब्बारचा चेहरा उतरला. "मी जवारी घेतली तर बापाच्या कबरीवर कोणत्या तोंडानं जाऊ?"

"आन मी फुकट नेलं तर दीक्षा कोणत्या तोंडानं घेतली म्हणू?"

उकंडानं पोतडी खांद्यावर टाकली आणि भुरीला वळवलं. ती जाईना. मागं मान वळवून खिंकाळत राहिली आणि आत मुश्कीनं खुंटा उपटायचा बाकी ठेवला. उकंडानं दावं ओढलं, आणि गेला.

जब्बारची आई खैरुनबी ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. तिनं बत्ता खाली ठेवला.

"दोघाईचं इमान लई मोठं बाप्पा! आन मुकं जनावर मधात मरून राह्यलं."

"अम्मी, मी काय करू? तो आयकत नाही."

"तुह्या निकाहाच्या टायमाले अकीलाच्या बापाच्या दारी कोण गेलतं?"

"आपण."

"काहून गेलतो?"

"मागाले."

"मंग मागलं म्हून आपण भिकारी झालो काय? आन पोरगी देऊन तो लहान झाला काय? मागणाऱ्यानं मान लववाव, देणाऱ्याची मान वर राह्यते. घोडी त्याची हाय. जाऊन माग."

"घोडा घेऊन? त्याच्या दारी?"

"नाही तं काय भुरी तुह्या सपनात येईन?"

आपण शिवाशिव पाळत नाही, असं जब्बार नेहमी सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. पण उकंडाच्या वस्तीत त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. का, तर काम पडलं नाही म्हणून. काम न पडण्याचीही एक शिवाशिव असते. पाळणाऱ्याला ती पाळतोय हे कळतसुद्धा नाही. जब्बारला ते त्या दुपारी कळलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानं मुश्कीला खरारा केला, पाणी पाजलं आणि भर उन्हात गावातून निघाला. म्हातारा घोडा जपून पाय टाकत होता. पारावरून बाबाराव पाटील ओरडला, "काय जब्बारमिया, नवरदेव घरजावई चालला काय?" पारावरची सगळी मंडळी हसली. जब्बारचे कान तापले, पण तो थांबला नाही.

उकंडाच्या दारात भुरी बांधलेली होती. मुश्कीला पाहताच तिनं कान टवकारले. उकंडा बाहेर आला आणि बघतच राहिला.

जब्बारनं मान खाली घातली. उकंडा त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण आजवर जब्बारच्या तोंडी त्याच्यासाठी 'तू'च होतं.

"उकंडाभाऊ," तो म्हणाला, "मागाले आलो. तुमची भुरी आमच्या मुश्कीले द्या."

मागणं म्हणजे काय, हे उकंडाइतकं लोणवाडीत कुणाला माहीत होतं? पण ते आपल्या दाराकडे तोंड करूनही येतं, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्याची बायको पंचफुला दारात आली. तिला सगळं आधी कळलं. बायकांना असल्या गोष्टी आधी कळतात.

"पोरीकडचे एकदम हो म्हनत नसतात भाऊ," ती म्हणाली. "बसा. घरात इचारून सांगतो."

तिनं बाज टाकली. जब्बार बसला. नवरा-बायको आत गेली. भुरी दाव्याला हिसके देत होती, मुश्कीच्या तोंडाला फेस आला होता, आणि वस्तीतली माणसं दारादारांत येऊन उभी राहिली होती. आतून बोलणं काही ऐकू येईना. मग एक हुंदका ऐकू आला, पुरुषाचा. जब्बार पायाखालच्या मातीकडे बघत राहिला. उठून घाई करावी असं त्याला एकदाही वाटलं नाही. जितका वेळ लागेल तितका लागू दे, असं वाटलं.

उकंडा तोंड धुऊन बाहेर आला.

"माह्या बापाच्या दारी जिंदगीत कोणी मागाले आलं नाही," तो म्हणाला. "आज्याच्या बी नाही."

जब्बार उठून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले.

उकंडानं भुरीचं दावं सोडलं. ते त्या पसरलेल्या हातांत ठेवलं आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"देल्ली. आमी देल्ली."